एका ठेक्यावरची सात गाणी

मी एका बाईंचा आवाज पुसून टाकला तेव्हा शनिवारचे सकाळचे अकरा वाजले होते आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. बायकोला हाक मारून मी चहासुद्धा मागितला, चांगलं काम करून उठलेला माणूस मागतो तसा, जरा वरच्या पट्टीत.

गोष्ट दोन हजार तीन सालची, अमेरिकेतल्या हर्नडनची. माझी नोकरी तेव्हा डुप्लिकेट शोधण्याची होती. कंपनीकडे गिऱ्हाइकांच्या दोन याद्या यायच्या, त्या एकत्र करायच्या आणि एकच माणूस दोनदा आला असेल तर त्यातला एक उडवायचा. मी दिवसभर माणसं उडवायचो आणि संध्याकाळी शांतपणे वरण-भात जेवायचो. पण ऑफिसात दर थोड्या दिवसांनी कोणाची तरी खुर्ची रिकामी दिसायची. व्हिसा कंपनीच्या हातात, ग्रीन कार्डाचा अर्ज कुठल्याशा कपाटात. आपणही एखाद्या यादीत डुप्लिकेट निघू आणि कोणीतरी आपल्यालाही उडवेल, ही भीती मला कायम असे. भित्रा मी जन्मापासूनच आहे. अमेरिकेने त्याला फक्त कागदपत्रं पुरवली.

आमच्या खालच्या मजल्यावर बसकाका राहायचे. मूळचे जमैकाचे, साठी ओलांडलेले, उंच, आणि बोलण्यात घाई म्हणून नाही. माझ्या मुलीच्या शाळेची पिवळी बस तेच चालवायचे, म्हणून आमच्या घरात ते बसकाका आणि त्यांच्या पत्नी ओघानेच बसकाकू. आपल्याला असं कोणी म्हणतं हे दोघांनाही माहीत नव्हतं. बसकाकू आल्याचा केक आमच्या एका डब्यातून वर पाठवायच्या आणि त्यावर चिठ्ठी असायची, टपोऱ्या अक्षरात. त्याच डब्यातून माझी बायको चकल्या खाली पाठवायची. तो स्टीलचा डबा तीन वर्षं जिन्यावरून वर-खाली करत होता आणि एकदाही रिकामा गेला-आला नाही. आदल्या ऑक्टोबरात बसकाकू गेल्या. डबा तेव्हा त्यांच्याकडे होता. अशा वेळी डबा मागायचा कसा, म्हणून तो तिकडेच राहिला.

वर्ष होत आलं तसे एका गुरुवारी संध्याकाळी बसकाका वर आले. हातात रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट होती.

"इंजिनियर," ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी मला निम्मं समजायचं आणि निम्मं समजल्यासारखं मी करायचो. इथे ते मी माझ्या मराठीत सांगतोय. "हिची सीडी करून देशील का? येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सगळे जमणार आहोत. चर्चच्या हॉलमध्ये. तिचं वर्ष. तेव्हा वाजवायची आहे."

"त्यात काय एवढं! दोन दिवसांत देतो."

"यात रिडिम एकच आहे बरं का, पण त्याच्यावर..." त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात आत फोन वाजला. ऑफिसचा. ऑफिसचा फोन म्हटलं की तेव्हा मला तो नोकरी गेल्याचाच वाटायचा. मी आत पळालो. फोन साधाच होता, कोणाला तरी एक पासवर्ड हवा होता. बाहेर आलो तोवर बसकाका जिना उतरून गेले होते आणि कॅसेट चपलांच्या कपाटावर होती. त्यांचं अर्धवट वाक्य मी पूर्ण करून घ्यायला हवं होतं. खाली जायला चौदा पायऱ्या होत्या.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. पुण्याहून आणलेला टू-इन-वन माळ्यावरून काढला, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली, कॅसेट पूर्ण भरून घेतली आणि तिचे सात तुकडे केले. पहिलं गाणं सगळं ऐकलं. ड्रमवर काठ्यांची एक गडगडती घरंगळ, मग खर्जातली गिटार, जमिनीखालून कोणी हळूहळू चालत यावं तशी, आणि तिच्यावर दुसरी गिटार उलट्या ठोक्याला चक्-चक् करत राहणारी. मग एक पुरुष गायला लागला. रेगे म्हणतात ते हेच असावं असं मी मनाशी ठरवलं. बरं होतं.

दुसरं गाणं लावलं. ड्रमवर घरंगळ, खर्जातली गिटार, चक्-चक्. तेच. तिसरं लावलं. तेच. मी प्रत्येकाची पहिली पंधरा-वीस सेकंदं ऐकली आणि सातही वेळा तीच घरंगळ, तीच गिटार. मला माझा मेव्हणा आठवला. त्याला एक गाणं फार आवडायचं आणि रिवाइंड करायचा कंटाळा. म्हणून त्याने कॅसेटवाल्याकडून दोन्ही बाजूंना तेच गाणं भरून घेतलं होतं, शेवटपर्यंत. आमच्या काळी अशी माणसं घरटी एक असायची. बसकाकांचंही तेच, असं मी म्हटलं आणि धंद्याच्या सवयीने सहा डुप्लिकेट उडवले. अख्खी भरलेली मूळ फाइलही उडवली, जागा कशाला अडवायची म्हणून. कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. त्या मोकळ्या जागेत कॅमेऱ्यातून मुलीच्या वाढदिवसाचे फोटो ओतले. आणि चहा मागितला.

चहा पिता पिता कॅसेट रिवाइंडला लावली तर टू-इन-वनने ती खाल्ली. आतून कचकच असा आवाज आला, मी घाबरून झाकण उघडलं आणि ओढलं, आणि टेप तुटली. कॅसेटच्या प्लास्टिकलाही तडा गेला. असली कॅसेट परत कोणत्या तोंडाने द्यायची? आपल्याकडे सीडी आहेच, असा विचार करून मी ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकली. वर बटाट्याची सालं लोटली.

रविवारी दुपारी बसकाकांना सीडी दिली. संध्याकाळी दार वाजलं.

"इंजिनियर," ते सीडी हातात धरून उभे होते, "बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे कोण?"

"यात एकच माणूस आहे. तिच्या भावाचा मित्र. बाकीची सहा गाणी?"

मग त्यांनी गुरुवारचं वाक्य पूर्ण केलं. दारातच, शांतपणे. किंग्स्टनला त्यांच्या बायकोच्या भावाचा बँड होता. बँडने एक रिडिम बसवला, म्हणजे नुसता ठेका, बास, गिटार. एकदाच वाजवून टेपवर घेतला. तो इतका झकास जमला की मग एकेक गाणारा यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि त्याच रिडिमवर आपलं गाणं गायचा. प्रत्येकाचे शब्द वेगळे, सूर वेगळे. कोणी देवाचं गायलं, कोणी भाकरीचं, कोणी सरकारला शिव्या घातल्या. बसकाकू तेव्हा एकोणीस वर्षांच्या. भावासाठी जेवणाचा डबा घेऊन गेल्या होत्या. कोणीतरी म्हणालं, तूही गा. त्या गायल्या. त्या गाण्याची रेकॉर्ड निघाली नाही. त्या पुन्हा स्टुडिओत गेल्याही नाहीत.

"ती पाचवी," बसकाका म्हणाले. "सातव्याला कोणीच नाही, मोकळा रिडिम आहे. पण पाचवी ती. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही रे."

माझ्या कानात कसलीशी शिटी वाजायला लागली. आणि त्या अवस्थेत माणूस जे करतो ते मी केलं.

"सीडी नीट राइट झाली नसेल. होतं असं कधी कधी. शनिवारपर्यंत देतो."

"कॅसेट ठीक आहे ना?"

"एकदम."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते खाली गेले. बायको आतून म्हणाली, "काय म्हणत होते?" मी म्हटलं, "काही नाही, सीडी आवडली."

सोमवार ते गुरुवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. सकाळी आठ दहाला बस यायची. तिच्या ब्रेकचा लांबलचक उसासा आमच्या खिडकीपर्यंत ऐकू यायचा आणि मी खिडकीपासून दूर, न्हाणीघरात जाऊन उभा राहायचो. मुलीला सोडायला बायकोच जायची. मुलगी त्या माणसाच्या बसमध्ये बसते आहे, ज्याची बायको तिच्या बापाने पुसली, हा विचार डोक्यात आला की मी दात घासता घासता थांबायचो. त्यांना कळलं तर? तिला रस्त्यात उतरवतील? बसकाकांसारखा माणूस असं काही करणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. भीतीला मात्र ते कोणी कळवलं नव्हतं.

मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, मिस्टर बस वॉज हमिंग टुडे. ही सेड संडे इज अ बिग डे."

"मराठीत बोल," मी ओरडलो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी कधी ओरडत नाही.

ऑफिसातल्या एका मित्राकडून पुसलेल्या फाइली परत काढायचं सॉफ्टवेअर आणलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन ते चालवलं. यादी आली. पाचव्या गाण्याचं नाव दिसलं तेव्हा मी खुर्चीतून अर्धा उठलो. लावलं. ड्रमवर घरंगळ, खर्जातली गिटार, चक्-चक्, आणि जिथे कोणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं तिथून पुढे कर्कश खरखर. त्या जागेवर वाढदिवसाचे फोटो जाऊन बसले होते. मेणबत्त्या विझवणारी माझी मुलगी, एका एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडावर.

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला नाही. मशीनने घेतला. आमच्या आन्सरिंग मशीनवर बायकोच्या आवाजातला निरोप होता. अतिशय सावकाश, शाळेत धडा वाचावा तसं इंग्रजी, की आम्ही घरी नाही, कृपया निरोप ठेवा, आणि शेवटच्या शब्दावर मागून कुकरची शिटी. कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेला माणूस घरात असताना मशीनवर हे असावं याची मला लाज वाटायची. ते पुसून आपल्या आवाजात काहीतरी भारदस्त भरायचं, असं मी दोन वर्षं म्हणत होतो. शिटी संपली आणि बसकाकांचा आवाज आला.

"इंजिनियर, घाई नाही. फक्त एवढंच, तिची बहीण टोरांटोहून निघाली. तिने ते गाणं कधीच ऐकलेलं नाही. ठीक आहे. देव तुझं भलं करो."

मी तसाच उठलो आणि खाली, इमारतीमागच्या कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीकडे गेलो. शनिवारचा कचरा अजून तिथे असेल अशी एक वेडी आशा. ऑफिसचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, एक पाय पेटीच्या कडेवर. पिशव्या उघडायच्या, हुंगायच्या, आपला मसाल्याचा वास येतो का बघायचं. आपला कचरा आपल्याला वासावरून ओळखता येतो हे मला त्या दिवशी कळलं. चार पिशव्या झाल्यावर मान वर केली तर समोर कुत्रा घेतलेली एक बाई. स्तब्ध उभी. कुत्राही स्तब्ध. बाईंनी पर्समधून फोन काढला.

अकरा सप्टेंबरनंतरचे ते दिवस कसे होते ते तिकडे असलेल्यांना सांगायला नको. माझ्यासारख्या रंगाचा माणूस विमानतळावर जरा जोरात शिंकला तरी आजूबाजूचे वळून बघायचे. आणि मी भरदुपारी पेटीत अर्धा. "माय कॅसेट!" मी हात वर करून म्हणालो. "ओन्ली कॅसेट!" याने बाईंची खात्री पटल्याचं दिसलं नाही. मी उतरलो, घाई नसल्यासारखं चाललो, कोपरा वळल्यावर धावलो, आणि घरात शिरून आतून कडी, साखळी, दोन्ही लावलं.

बायको एव्हाना बाहेरून येऊन चकलीची भाजणी भाजत होती. तिने माझ्या बाहीला चिकटलेल्या अंड्याच्या टरफलाकडे पाहिलं.

"कॅसेट शोधताय?" ती म्हणाली.

मी जमिनीवरच बसलो. सगळं सांगितलं. बाहेर गाडीचं दार वाजलं की मी थांबायचो आणि पोलीस नाहीत ना ते ऐकायचो. तिने गॅस बंद केला, स्टुलावर चढली आणि बटणांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात बटणांवर ती कॅसेट होती, तडकलेली, टेपचा झिपऱ्यांसारखा पुंजका बाहेर.

"शनिवारीच काढून ठेवली. तिच्यावर काकूंचं अक्षर आहे, दिसलं नाही तुम्हाला? केकवरच्या चिठ्ठीसारखं. गेलेल्या बाईचं अक्षर बटाट्याच्या सालात टाकायचं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगताय का ते बघत होते. पाच दिवस."

शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया झाली. माझ्या बायकोच्या माहेरी चार भावंडांत एक टेपरेकॉर्डर होता, त्यामुळे तुटलेल्या कॅसेटी जोडण्यात ती तरबेज होती. तिला फीत घालायला एक चांगलं खोकं हवं होतं. तिने आमच्या कॅसेटींचा खण उघडला, जराही न थांबता माझ्या वक्तृत्वाची कॅसेट उचलली आणि तिचे पाच स्क्रू काढले.

"अगं, ती माझी..."

"ही कोणी ऐकणार आहे का?"

मुलगी बाजूला बसून तो तपकिरी फितीचा प्रकार डोळे मोठे करून बघत होती. "द साँग इज इन दॅट?" तिने दोनदा विचारलं. बायकोने कात्रीने चुरगळलेला भाग कापला, दोन टोकं जुळवली, सेलोटेपची बारीक पट्टी लावली, पेन्सिलने फीत गुंडाळली. मी काहीच केलं नाही. तिने मला टेबलापासून तीन फुटांवर बसायला सांगितलं होतं.

टू-इन-वनवर माझा आता विश्वास नव्हता, पण दुसरं काही नव्हतं. कॉम्प्युटर सुरू केला, बटण दाबलं आणि मी डोळे मिटून घेतले. पहिलं गाणं. दुसरं, तिसरं, चौथं. फिरण्याच्या आवाजात जरा फरक झाला की मी डोळे आणखी घट्ट मिटायचो. मग पाचव्यांदा ड्रमवरची घरंगळ, तीच गिटार, आणि एक श्वास.

आवाज पातळ होता. थोडा घाबरलेला. ओळीच्या सुरुवातीला हळू आणि शेवटाकडे धीट होत जाणारा. ठेका तोच, ज्याच्यावर आधी चौघं गाऊन गेले होते, पण ती गायला लागल्यावर तो वेगळाच वाटायला लागला, तिच्या चालीने चालणारा. माझी बायको पदराशी चाळा करत म्हणाली, "आईच्या भजनी मंडळात सगळे अभंग एकाच चालीत म्हणायचे. त्यांना कोणी डुप्लिकेट म्हटलं नाही कधी."

आणि मग गाणं ठेचकाळलं. तिसऱ्या कडव्यातली एक ओळच नव्हती. कात्रीने कापलेला चुरगळा म्हणजे ती ओळ. ठेकाही त्या जागी अडखळत होता, पायरी चुकल्यासारखा.

इथे मात्र मला माझ्या आयुष्यातली एकुलती एक चांगली कल्पना सुचली. सातवं गाणं म्हणजे मोकळा रिडिम, त्यात कोणीच गात नाही, आणि वाजवणं तर तेच, एकाच दिवशी एकदाच वाजवलेलं. मी सातव्यातून तेवढाच तुकडा घेतला आणि पाचव्यातल्या भोकात बसवला. पहिल्याच खेपेला बसला. आता ठेका कुठेही अडखळत नव्हता. फक्त एक ओळभर बाई गप्प राहत होत्या आणि मग पुन्हा गात होत्या. आठवडाभर ज्याला डुप्लिकेट म्हणून मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, त्यानेच मला वाचवलं होतं.

"छान झालंय," बायको म्हणाली. "आता खाली जा आणि सांगा, एक ओळ गेली."

मी गेलो. बसकाका उद्याचा पांढरा शर्ट इस्त्री करत होते. दाराशी बसकाकूंचे बूट अजून जोडीने ठेवलेले. टेबलावर आमचा स्टीलचा डबा, घासून पुसून.

"सगळे सात?" त्यांनी विचारलं.

"सगळे सात," मी म्हणालो, आणि वर आलो.

"सांगितलंत?"

"म्हणजे... जवळजवळ."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. चकल्या तळत राहिली.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. टोप्या घातलेल्या बायका, मोठ्या आवाजात हसणारे म्हातारे, भाताची आणि तिखट कोंबडीची मोठाली पातेली. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे. बायकोच्या हातात चकल्यांची पिशवी. बसकाकांनी सीडी लावली. पहिलं गाणं लागताच म्हातारे मान डोलवायला लागले, कोणी ओरडून गाणाऱ्याचं कौतुक केलं. तीन गाणी झाली, चार झाली. पळून जायचं तर दार डावीकडे होतं, मी ते आधीच बघून ठेवलं होतं.

घरंगळ. गिटार. श्वास. हॉल एकदम गप्प झाला. पुढच्या खुर्चीवर जांभळ्या टोपीतली बाई बसली होती, टोरांटोची बहीण, तिने तोंडावर हात ठेवला. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं सुरू झालं. ती ओळ आली, आणि आवाज नाहीसा झाला. नुसता ठेका चालत राहिला. बसकाकांनी झटकन मान वर केली आणि अख्ख्या गर्दीतून सरळ माझ्याकडे पाहिलं.

एवढा मी पुन्हा कधी घाबरलो नाही. तसं वाटणं दोन-तीन सेकंदांचंच. पण मोकळा रिडिम कानावर पडला की त्या लोकांना गप्प बसवत नसावं. जांभळ्या टोपीतली बाई काहीतरी गायला लागली, शब्द नव्हते, नुसता सूर. मागून आणखी दोघीतिघींनी धरला. आणि ओळ संपता संपता बसकाकूंचा आवाज परत आला, जणू या सगळ्यांसाठीच त्या थांबल्या होत्या.

गाणी संपल्यावर ती बाई माझ्याकडे आली. माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांतलं पाणी पुसलंसुद्धा नाही तिने.

"तू आमच्यासाठी जागा ठेवलीस," ती म्हणाली. "किती विचार केलास, बाळा."

बसकाका तिच्यामागेच उभे होते. माझ्याकडे बघत होते. माझी मान हलली. हो म्हणायला हलली. मी हलवली नाही, ती आपोआप हलली, असं मी पुढे गाडीत बायकोला सांगणार होतो, पण गाडीत ती बोलायलाच तयार नव्हती. आमच्या पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या मुलीला बसवर सोडायला तुम्ही जायचं."

सोमवारी आठ दहाला मी उभा होतो. ब्रेकचा उसासा झाला, दार उघडलं. मुलगी चढली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आत मुलांचा कल्लोळ.

"तो भाग मी मुद्दाम मोकळा ठेवला नव्हता," मी म्हणालो. "माझ्याकडून कॅसेट तुटली. ती कचऱ्यात टाकली. त्याआधी सहा गाणी पुसली, डुप्लिकेट समजून. बायकोने जोडली, पण ती ओळ गेली. आणि काल मी तुमच्या मेव्हणीसमोर मान हलवली." हे सगळं एका दमात आणि कोणत्या इंग्रजीत ते देव जाणे. पुढच्या बाकावरची मुलं गप्प होऊन ऐकत होती. त्यात माझी मुलगीही होती.

बसकाकांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर रस्त्याकडे बघितलं. "पाय मागे घे, इंजिनियर," ते म्हणाले. दार बंद झालं. बस गेली.

मी ऑफिसला गेलो. काय काम केलं आठवत नाही. पोट दुखतंय सांगून तीनलाच परत आलो, ते खोटंही नव्हतं. बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. पानं गळत होती. बस आली, मुलगी उतरली आणि नेहमीप्रमाणे पळाली नाही, माझा हात धरून उभी राहिली. बसकाकांनी सीटखाली हात घातला आणि आमचा स्टीलचा डबा काढून माझ्या हातात दिला.

"ती म्हणायची, हा कधी रिकामा पाठवायचा नाही," ते म्हणाले. "मला केक येत नाही."

दार बंद झालं. मी डबा वर नेला आणि आम्ही दोघांनी उघडला. आत एक कागद होता. त्यावर बसकाकांच्या वाकड्या अक्षरात एकच ओळ. तिचा अर्थ साधारण असा, की दार मी लोटून घेतलंय, कडी लावलेली नाही, येशील तेव्हा ये. खाली लिहिलं होतं, तिसरं कडवं, दुसरी ओळ ती हीच, सीडीच्या खोक्यावर लिहून दे.

बायकोने कागद दोनदा वाचला. मग डब्यात चकल्या भरायला घेतल्या. पाठ माझ्याकडेच ठेवून ती म्हणाली, "आणि हे बघा, मशीनवरचा तो निरोप तसाच राहू द्या. शिटीसकट."